अंधाराची दुसरी प्रत

मेलेले दादासाहेब आरामखुर्चीतून उठले, धोतराचा सुटलेला सोगा कमरेला खोचला, अवघडलेली मान चोळली आणि रमतगमत विंगेकडे चालू लागले.

"बापू!" तिसऱ्या रांगेतून शैलजाताई ओरडल्या. "अहो, तुम्ही मेलायत!"

दादासाहेबांचं काम करणारे बापू गोंधळेकर रंगमंचाच्या मधोमध थबकले. "म्हणजे काय? अंधार झालाय ना?"

"अंधार झाला असता तर तुमचं धोतर मला दिसलं असतं का?"

तेव्हा कुठे बापूंनी मागे वळून बघितलं. खिडकीवरचा निळा दिवा मंद जळत होता आणि त्या उजेडात बापू, त्यांचं धोतर, त्यांचं टक्कल असं सगळं लख्ख नसलं तरी पुरेसं दिसत होतं. विंगेतली मंडळी पोट धरून हसली. मला मात्र हसायची सोय नव्हती. प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला लागून एक टेबल मांडलं होतं, त्यावर आमचा बोर्ड होता, आणि ते दिवे त्या बोर्डाच्या हुकमाने लागत आणि विझत होते.

शुक्रवारची दुपार होती ती. रंगीत तालीम. शनिवारी संध्याकाळी त्याच नाट्यगृहात नाटकाचा पहिला प्रयोग व्हायचा होता.

ही नव्वदीच्या सुरुवातीची, सांगलीतली गोष्ट. तेव्हा नाटकाचे दिवे हाताने कमीजास्त करत. डिमरची एक अजस्र पेटी विंगेत उभी करायची आणि तिच्या मुठी ओढत-ढकलत माणसांनी घामाघूम व्हायचं. आमचे मालक सुकुमार मगदूम, सगळे त्यांना अण्णा म्हणत. धंदा स्टॅबिलायझर बनवायचा, पण नाद नाटकाचा. अण्णांच्या मनाने घेतलं, की सगळं नाटक आधीच एका लहानशा पेटीत भरून ठेवायचं आणि प्रयोगात फक्त एक बटण दाबत जायचं. पुढचे दिवे पेटी आपले आपण लावील. परदेशात असे बोर्ड होते म्हणे. आपण सांगलीत करू, असं अण्णा म्हणाले, आणि त्यासाठी त्यांनी दोन माणसं ठेवली. एक उदय ओतारी आणि दुसरी मी, सुनेत्रा माणगावे.

ओतारीसर माझ्याहून थोरले, अनुभवी, सी या संगणकाच्या भाषेतले वाघ. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. अण्णांनी मला पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "हे बघ बाळ, हा बोर्ड नाटकावर चढला तर तुझी नोकरी पक्की. नाही चढला तर मी आपला परत स्टॅबिलायझर करत बसणार. त्याला तुझी सी-बी काय लागत न्हाई."

आणि बोर्ड चढायची ती पहिलीच वेळ. शैलजाताई अभ्यंकर नाटकाच्या दिग्दर्शिका आणि निर्मात्याही. त्यांनी अण्णांच्या शब्दाखातर आम्हाला संधी दिली होती, पण बाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. जुनी डिमरची पेटी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी टेंपोत तयार ठेवलेली होती.

"नाना," ओतारीसर बोर्डापाशी येऊन म्हणाले, "काल तुम्ही खिडकीचा निळा दिवा कुठं भरलात?"

नाना शिखरे म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले प्रकाशयोजनाकार. माणूस मोठा शौकीन. कडक इस्त्रीचा झब्बा, कानात अत्तराचा फाया, खिशात चांदीचा पानाचा डबा. मुठींच्या पेटीवर आयुष्य काढलेलं, तरी आमच्या बटणांवर त्यांची बोटं तबल्यासारखी पडत.

"दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या अंधारात," नाना म्हणाले.

"मग पहिल्या अंकात कसा लागला?"

"ते मला विचारता? पेटी तुमची."

"पेटी सांगाल तेवढंच करते, नाना. तुम्ही अंक बदलायचं बटण न दाबताच भरलं असणार."

नानांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "उदयराव, पहिल्या अंकात म्हातारा मरतो. तिथं अंधार कसा पाहिजे? कोळशासारखा. दुसऱ्यात पोरगी खिडकीतून पळून जाते. तिथं सगळं विझलं तरी खिडकी तेवढी डोळ्यांसमोर राहिली पाहिजे. अंधार काय, सगळा सारखा नसतोय. या दोन अंधारांची गल्लत माझ्या हातून व्हायची म्हणजे उद्या मी घरचा जिनाच विसरायचा!"

"बरं, आता पहिल्यातला काढून टाका," शैलजाताई म्हणाल्या.

नानांनी आम्हा दोघांच्या देखत, अंकाचं बटण दाबून, पहिल्या अंकाच्या अंधारातला निळा दिवा काढला. बापू पुन्हा मेले. या वेळी अंधार असा मिट्ट झाला, की बापू विंगेऐवजी तुळशीवृंदावनाला जाऊन धडकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला, आणि आम्ही दुसऱ्या अंकावर गेलो.

अंक रंगला. पोरगी खिडकीतून गेली. अंधार झाला. अगदी कोळशासारखा.

"आणि माझी खिडकी?" अंधारातून शैलजाताईंचा आवाज आला.

ओतारीसरांनी नानांकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं. नानांनी पानाचा डबा टेबलावरून उचलून खिशात घातला.

"शैलजाबाई, उद्या दुपारपर्यंत या लोकांचं काय ते होऊ द्या. नाहीतर जुनी पेटी आत घ्या, मी माझ्या मुठींवर उभा राहतो. आणि माझ्या बोटांबद्दल परत एक अक्षर निघालं, तर मी मुठींवरही नाही."

"उद्या दुपारी," शैलजाताई अण्णांना म्हणाल्या. "त्यापुढे मी थांबणार नाही, मगदूम. पहिल्या प्रयोगाला माझा मेलेला माणूस चालता कामा नये."

आता नाटक आम्ही त्या पेटीत कसं भरलं होतं ते सांगायला हवं. नाटकाच्या पोटात अंक, अंकाच्या पोटात प्रवेश, प्रवेशाच्या पोटात दिव्यांचे बदल, ज्यांना नाटकवाले क्यू म्हणतात, आणि क्यूच्या पोटात एकेक दिवा आणि तो किती लावायचा ते. डब्यात डबा, त्यात डबा. फक्त सी भाषेत एक गंमत असते. डब्यात दुसरा डबा खरोखर ठेवलेला असेलच असं नाही. पुष्कळदा तो कुठे ठेवलाय याचा नुसता पत्ता असतो. त्यामुळे बिघाड शोधायचा म्हणजे पोस्टमनसारखं पत्त्यामागून पत्ता हिंडायचं.

ओतारीसरांची हिंडायची रीत अशी, की सगळी मेमरी जशीच्या तशी कागदावर काढायची. शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ, नुसत्या आकड्या-अक्षरांच्या ओळीच्या ओळी, ना शेंडा ना बुडखा. कानावरची पेन्सिल काढून सर ते वाचत बसत आणि वाचता येतं याचा त्यांना भारी अभिमान होता. "मला पोथी नको, मूळ संहिताच बरी," असं म्हणायचे.

माझं तसं नव्हतं. मला गोष्ट नीट मांडलेली दिसली नाही तर माझं डोकंच चालत नाही. घरी डाळींचे डबेसुद्धा मी उंचीप्रमाणे लावते आणि त्यावरून बोलणी खाते. म्हणून मी नोकरीला लागल्या लागल्या प्रोग्रामचा एक लहान भाग लिहिला होता. त्याचं काम एकच, पेटीतलं नाटक माणसाला वाचता येईल असं छापायचं. अंक कागदाच्या कडेला. त्याच्या पोटातला प्रवेश खालच्या ओळीवर, थोडा आत सरकवून. क्यू आणखी आत. दिवे त्याहून आत, आणि तेही नुसते आकडे नाहीत, तर नावानिशी: खिडकी, अंगण, खुर्ची. कोण कुणाच्या पोटात आहे ते बघताक्षणी कळावं, एवढीच इच्छा.

सरांनी तो छापलेला कागद हातात धरून लांबून बघितला, जवळून बघितला आणि म्हणाले, "छान! रांगोळी काढलीयस. आता रंग भर."

झालं. वर्कशॉपभर तेच नाव पडलं. "माणगावेबाईंची रांगोळी झाली का?" म्हणून सोल्डरिंगवालेसुद्धा विचारायचे. पुढे चिपमधली जागा कमी पडायला लागली तेव्हा पहिली कुऱ्हाड रांगोळीवर पडली. सरांनी ती काढून टाकली. मात्र बोर्ड सुरू करताना बझरवर एक पिपाणीसारखी धून वाजायची, ती राहिली. ती सरांनी स्वतः बसवली होती आणि तिला ते 'नांदी' म्हणत.

शुक्रवारी नाट्यगृहातून परतल्यावर सरांनी मेमरीचा गठ्ठा काढला आणि पेन्सिल चालवली. अण्णा आणि मी समोर बसलो.

"पहिल्या अंकाचा अंधार: सगळे दिवे शून्य," सर म्हणाले. "दुसऱ्याचा अंधार: सगळे शून्य. खिडकीचा निळा कुठेच नाही. म्हणजे नानांनी तो भरलेलाच नाही. आकडे खोटं बोलत नसतात, अण्णा."

"मग दुपारी पैल्या अंकात लागला त्यो काय भुतानं लावला?" अण्णा म्हणाले.

"चुकून भरला असेल."

मी म्हटलं, "सर, रांगोळी परत घालून बघू का?"

"आकडे तेच येतील ना गं. नटवून छापले म्हणून बदलणार आहेत का?"

"आकडे तेच येतील. पण आपण बघतोय ते वेगळं असेल."

"जागा नाही चिपमध्ये."

"नांदी काढली तर आहे."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. पण तोंडातून गेलेला शब्द मी परत घेतला नाही, आणि तो घेतला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

"नांदीशिवाय नाटक?" सर म्हणाले.

"अवो, नाटकच न्हाई झालं तर नांदी काय चाटायचीय?" अण्णा उठले. "ओतारी, काढा ती पिपाणी. आणि तू सकाळी लौकर ये गं."

शनिवारी सकाळी मी रांगोळी परत बसवली. तेव्हाच्या चिपा म्हणजे एक प्रकरण असे. एका बंद पेटीत जांभळ्या दिव्याखाली ठेवून आधी जुनं पुसायचं, मग नवं भरायचं. भरलेली चिप डबीत घालून मी लुनावरून नाट्यगृहात आले. नाटक दुसऱ्याच चिपेत, बॅटरीच्या आधारावर सुरक्षित होतं. नानांनी काल जसं सोडलं तसंच. चिप बदलली, प्रिंटर जोडला, बटण दाबलं.

प्रिंटर करकरायला लागला. अंक पहिला. आत सरकून प्रवेश पहिला. त्याच्या आत पुन्हा अंक पहिला. त्याच्या आत प्रवेश पहिला. त्याच्या आत अंक पहिला. ओळी उजवीकडे सरकत सरकत कागदाच्या काठाला गेल्या, काठावर चेंगरल्या, तरी प्रिंटर थांबेना. जोडकागदाची घडी उलगडत टेबलावरून खाली, खालून खुर्च्यांच्या रांगेत शिरली.

"बाई," नाना दारातून आत येत म्हणाले, "हे नाटक किती अंकी करताय?"

शैलजाताईही मागोमाग आल्या. त्यांनी एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "मगदूम, मी टेंपोवाल्याला सांगू का?"

"थांबा ओ ताई, दुपार कुठं झालीय अजून?" अण्णा म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

मी प्रिंटरची वायर उपटली. ओतारीसर हसले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. ते कागद उचलून म्हणाले, "मागे जायचं बटण आहे ना आपलं? त्यासाठी प्रत्येक प्रवेशापाशी त्याच्या अंकाचा पत्ता ठेवलाय. तुझी रांगोळी तो पत्ता घेऊन परत वर गेली, आणि पुन्हा खाली, आणि पुन्हा वर. घाण्याचा बैल झाला तिचा."

खरं होतं. रांगोळी लिहिली तेव्हा मागे जायचं बटण नव्हतं. ते नंतर आलं. मी तशीच लुनाला पायडल मारून वर्कशॉपात गेले. जाताना वाटेतच उपाय सुचला. रांगोळीने ज्या पत्त्यावर एकदा जाऊन आलं, तो पत्ता लक्षात ठेवायचा. तोच पुन्हा भेटला तर आत शिरायचं नाही. तिथे फक्त लिहायचं, 'वर पाहा'. म्हणजे हे वर एकदा छापून झालंय, तिथे बघा. आम्ही शाळेत बाईंनी दिलेला निबंध असाच लिहायचो, तेच तेच दोनदा लिहायचा कंटाळा म्हणून. छापायचं रोमन अक्षरांत असलं तरी शब्द मी मराठीच ठेवले.

पुन्हा चिप पुसली, भरली, डबीत घातली. नाट्यगृहात पोचले तेव्हा नाटकाच्या मंडळींची जेवणं चालली होती आणि मागच्या दाराशी टेंपोचं फाळकं खाली केलेलं होतं.

या वेळी प्रिंटर करकरला, चालला, आणि चक्क थांबला.

मी कागद फाडून रंगमंचाच्या कडेवर उलगडून पसरला. एका टोकाला अण्णांनी चपला ठेवल्या, दुसऱ्या टोकाला नानांनी पानाचा डबा. पहिल्यांदाच सगळं नाटक एका नजरेत दिसत होतं, पायऱ्या पायऱ्यांनी आत गेलेलं. प्रत्येक प्रवेशाखाली आपल्या अंकासाठी शहाण्यासारखं 'वर पाहा' आलं होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण वाचत खाली गेले आणि एका ओळीवर बोट अडलं.

अंक १
    शेवटचा प्रवेश
        अंक १ : वर पाहा
        क्यू : आरामखुर्ची
        क्यू : अंधार
            सगळे दिवे शून्य

अंक २
    शेवटचा प्रवेश
        अंक २ : वर पाहा
        क्यू : खिडकी
        क्यू : अंधार
            वर पाहा

'वर पाहा' अंकासाठी यायला हवं होतं. अंधाराखाली त्याचं काय काम? आणि नुसता दुसऱ्या अंकात नाही. नाटकात जिथे जिथे अंधार होता, तिथे तिथे पहिला सोडला तर सगळीकडे तेच. वर पाहा, वर पाहा.

"माझं परत चुकलं," मी म्हटलं. आवाज रडवेला झाला होता, काय लपवायचं. "पत्ते लक्षात ठेवताना कुठेतरी घोटाळा केलाय मी. दुसऱ्या अंकाचा अंधार न छापताच रांगोळी छापला म्हणतीय. मी जाते, पुन्हा बघते."

"आता पुन्हा?" शैलजाताई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

मी कागद गोळा करायला वाकले. तेवढ्यात कागदावर एक हात पडला. ओतारीसर गुडघ्यांवर बसले होते. पेन्सिल कानावरच होती. त्यांचं बोट पहिल्या अंकाच्या अंधारावरून दुसऱ्या अंकाच्या 'वर पाहा'वर गेलं, तिसऱ्यावर गेलं, परत वर आलं.

"थांब," ते म्हणाले. "हात लावू नकोस याला."

"सर, माझं चुकलंय—"

"तुझं बरोबर आहे. माझं चुकलंय."

नानांनी पान चावायचं थांबवलं.

सर कागदावरची नजर न काढता बोलत होते. "सुरुवातीला चिपेत जागा नव्हती. मी विचार केला, अंधार म्हणजे काय? सगळे दिवे शून्य. मग तेच तेच दहा ठिकाणी कशाला लिहायचं? अंधार मी एकदाच लिहिला आणि जिथे जिथे लागेल तिथे त्याचाच पत्ता दिला. अंधार तो अंधार, त्याला दुसरी प्रत काय करायची! तेव्हा अंधारात कोणी काही बदलणार नव्हतं, म्हणून चाललं. नंतर नानांनी हट्ट धरला, अंधारातही एखादा दिवा ठेवता आला पाहिजे. ती सोय मी केली, आणि हे साफ विसरलो." त्यांनी मान वर केली. "नानांनी दुसऱ्या अंकात खिडकी लावली, ती सगळ्याच अंधारांत लागली. पहिल्यातून काढली, ती सगळ्यांतूनच गेली. काल मी दोन्हीकडे शून्य वाचलं ते खरंच होतं. मी तोच आकडा दोनदा वाचत होतो, आणि मला वाटत होतं, मी दोन आकडे वाचतोय."

मग ते उठले, धूळ न झटकताच नानांसमोर जाऊन उभे राहिले.

"नाना, बोटं तुमची बरोबर होती."

नानांनी कागदावरचा पानाचा डबा उचलला, उघडला आणि सरांपुढे धरला. "घ्या. अंधार सारखा नसतोय म्हणून कालच बोललो होतो. पण हे बाईंच्या कागदावर बघितल्याशिवाय तुम्हाला पटायचं नव्हतं."

सरांनी पान घेतलं. आयुष्यात कधी खाल्लं नसावं, कारण लगेच ठसका लागला.

मी मात्र अजून तिथेच वाकून उभी होते. मला पुढे पुष्कळ कौतुकं मिळाली, शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पण सी भाषेतला वाघ माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला, माझा कागद आणि त्याचा स्वतःचा प्रोग्राम यांत कोण खोटं हे ठरवायची वेळ आली, आणि त्याने माझ्या कागदावर विश्वास ठेवला. माझा स्वतःचासुद्धा बसला नव्हता तेव्हा. मी ती रांगोळी पुसायला निघाले होते आणि त्यांनी तिच्यावर हात ठेवला. छाती कशी भरून येते ते मला त्या दुपारी कळलं.

"ताई, टेंपोचं फाळकं लावायला सांगा," अण्णा म्हणाले.

"आधी अंधार दाखवा," शैलजाताई म्हणाल्या, पण टेंपोवाल्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

आम्ही दोघं एकाच लुनावर वर्कशॉपात गेलो. लुना सरांनी चालवली आणि चढाला पायडलही त्यांनीच मारलं. आत गेल्यावर मी सवयीने बाजूला उभी राहिले, तर त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. तू लिही. ज्याला अंधार बदलायचाय त्याला आधी त्याची स्वतःची प्रत काढून द्यायची, मग बदलायला द्यायचा."

"तुम्हीच लिहा ना सर, लवकर होईल."

"मी लिहिलेलं मला दिसत नाही, बघितलंस ना? तू लिही, मी चिप पुसतो."

मी लिहिलं. चिप भरून झाल्यावर थोडी जागा उरली. मी विचारलं, "नांदी परत घालू?"

खरंच त्यांचा जीव होता तिच्यावर. "नको," ते म्हणाले. "मोठी हो म्हणावं रांगोळीला."

परत आल्यावर नानांनी शैलजाताईंच्या देखत दुसऱ्या अंकाच्या अंधारात खिडकीचा निळा पुन्हा घातला. संध्याकाळी नाट्यगृह भरलं. तिसरी घंटा झाली. नाना बोर्डावर, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर, आणि मागे भिंतीला पाठ लावून अण्णा. अण्णा कुलदैवतापासून सुरू करून एकेका तीर्थंकराचं नाव घेत होते. आवाज मला ऐकू येत होता.

पहिला अंक शेवटाकडे आला. दादासाहेब आरामखुर्चीत मागे कलले. हातातली काठी पडली. सून धावत आली, थबकली. नानांचं बोट बटणावर गेलं.

अंधार झाला.

नुसता अंधार म्हणत नाही मी त्याला. कोळसा. शेजारी उभे असलेले सर मला दिसेनात, माझे हात मला दिसेनात. कुठून तरी आरामखुर्ची बारीक कुरकुरली. मग पावलं. मग तुळशीवृंदावनाला काहीतरी लागल्याचा आवाज आणि अगदी दबकं "आई गं!" एवढं भरलेलं नाट्यगृह समोर, आणि मेलेला माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत उठून, ठेचकाळत, चालत निघून गेला; एकाही माणसाला दिसला नाही. पुढच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला.

मग टाळ्या आल्या. त्या बापूंच्या मरणाला होत्या, आणि ते रास्तच होतं. बापू फार छान मेले होते.

"अजून एक राहिलाय," सर कुजबुजले.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी पोरगी खिडकीतून गेली. नानांनी तेच बटण दाबलं. अंगण विझलं, खुर्ची विझली, दार विझलं. सगळीकडे काळोख पसरला, आणि त्यात मधोमध ती खिडकी, निळी, रिकामी, तशीच राहिली. मागे अण्णांनी तीर्थंकरांची नावं घ्यायची थांबवली.

त्या निळ्या उजेडात नानांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, हा माझा अंधार."

"हो," पलीकडून ओतारीसर म्हणाले, "आणि त्याची प्रत सुनेत्राने काढलीय."